सतरा नंबरच्या बसची नोंद

यंदा फॉर्म आम्हा ड्रायव्हरांनाही आलाय.
वर शाळा-जिल्ह्याचा शिक्का, खाली पाच रिकाम्या ओळी,
मधोमध ठळक प्रश्न:
या वसंतात विद्यार्थ्यांनी काय मिळवलं?
लोर्ना ट्वेट म्हणाली, डेलमर, शुक्रवारपर्यंत दे,
आणि मेहेरबानी कर, अक्षर लागेल असं काढ.

मोठ्या गोष्टी तिच्याकडे आधीच पोचल्यात.
हायस्कूलच्या बँडला राज्यात दुसरा नंबर
(ट्रॉम्बोनवाला परतीच्या वाटेवर माझ्या मागच्याच सीटवर
झोपला होता, पदक दातांत धरून).
सहावीनं आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल केला,
त्यानं एकशे नव्वद पौंड पेलले,
मग हेडमास्तर त्यावर बसायला गेले.
शब्दलेखनात उबाह वारसमे शेवटच्या तिघांत.
तिचा चुकलेला शब्द आता अख्ख्या बसला पाठ आहे.

आमचा मिनेसोटाचा वसंत तसा नावालाच.
एप्रिल उजाडतो, आणि बीटाच्या शेताकडेला चिखल आहे की बर्फ
हे आधी चाकाला कळतं.
नदीही उफराटी, उत्तरेला जाणारी.
इकडचं पाणी सुटतं तेव्हा पुढची तिची वाट गोठलेलीच,
मग रुसल्यासारखी शेतांत पसरून बसते
आणि सतरा नंबरची बस बारा मैल वळसा घालते.

तर, चार एप्रिल.
काचेचा पाऊस. ज्या तारेवर पडेल तिथेच गोठायचा.
दहाला वीज गेली. अकराला शाळा सुटली.
दुसरीच्या वर्गात बारा अंडी, उबवणीचा अठरावा दिवस,
यंत्र गार पडत चाललेलं,
होगलंडबाईंचा चेहरा त्याहून.

कुणीतरी म्हणालं, वँगांच्या शेतावर जनरेटर आहे.
पा न्हिया वँग. माझा शेवटचा थांबा.

मग टोप्या निघाल्या.
लोकरीच्या, हॉकी संघाच्या, मांजराचे कान असलेली एक,
नाक पुसून पुसून कडक झालेली एक.
खोक्यात अंडी, अंड्यांवर टोप्या,
खोकं पा न्हियाच्या मांडीवर,
हीटर शेवटच्या खुणेवर.

बावीस वर्षं ही बस हाकतोय.
ओरडून घसा बसलाय,
राजीनामा दोनदा लिहून फाडलाय.
त्या दिवशी एकोणतीस पोरं, सव्वीस मैल,
आणि आवाज फक्त वायपरचा.
वेड कोझलोव्स्कीसुद्धा गप्प, ज्याच्यासाठी
मी पहिली सीट कायमची राखून ठेवलीय.
खड्डा आला की सगळी एकदम श्वास धरायची.
मीही.

थांबे येत गेले.
दार उघडलं की वारा आत घुसायचा,
एकेक पोर पायऱ्या उतरून
त्या काचेच्या पावसात उभं राहायचं,
उघड्या डोक्यानं.
एकानंही टोपी परत मागितली नाही.
मागू नका, असं कुणी सांगितलंही नव्हतं.

नऊ फुटली.
तीन नाही. त्यावर दुसरीत
दोन दिवस बरीच चर्चा झाली म्हणे.
एका पिल्लाचं नाव सतरा.
तो कोंबडा निघणार, असं पा न्हियाचे काका म्हणतात,
आणि आत्तापासूनच त्याच्या नावानं खडे फोडतात.

बस गॅरेजात उभी आहे,
गार होताना इंजिन टिकटिकतंय.
पेन्सिल दोनदा तासली.
काय मिळवलं, ते काही मला लिहिता येईना.
शेवटी लिहिलं, अक्षर काढून:

टोप्या ज्याच्या त्याला पोचल्या.
एक उरलीय, निळी, डाव्या कानाची शिवण उसवलेली.
नवव्या सीटच्या खिडकीला टांगली आहे.
ज्याची असेल त्यानं घेऊन जावी.
थंडी अजून गेलेली नाही.